गर्दी मुंबईत, वणवा मराठवाड्यात

शुक्रवारची निवांत सकाळ आहे, ज्यांना सुट्टी आहे त्यांच्या हातात चहाचा दुसरा कप असेल. आजचा इतिहासाचा विषय थोडा जड आहे. पण ज्या घरात दहावी-बारावीची मुलं आहेत आणि रोज रात्री जेवताना 'पुढे कुठे' हा प्रश्न निघतो, त्या घरासाठी तो जवळचाच आहे. विद्यापीठांत विद्यार्थी पेटून का उठतात?

याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उत्तर म्हणजे गर्दी. वर्गात जागा नाही, वसतिगृहात एका खोलीत चौघं, ग्रंथालयात पुस्तक मिळत नाही, मग पोरं भडकणारच. या उत्तराला पुरावाही आहे. अहमदाबादच्या एल. डी. इंजिनीअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात डिसेंबर १९७३ मध्ये मेसचं बिल साधारण वीस टक्क्यांनी वाढलं. २० डिसेंबरला मुलांनी संप केला. जानेवारीत तो गुजरात विद्यापीठात पसरला, मग शहरात, मग राज्यभर, आणि ९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. इतिहासात त्याला नवनिर्माण आंदोलन म्हणतात. मेसच्या ताटापासून मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीपर्यंतचं अंतर सात-आठ आठवड्यांचं होतं. फ्रान्समध्येही तसंच. १९६० च्या सुमारास तिथे दोन लाखांच्या आसपास विद्यार्थी होते, १९६८ मध्ये पाच लाख. पॅरिसच्या बाहेर नांतेर इथे १९६४ मध्ये घाईघाईने नवं विद्यापीठ उभं केलं, शेजारी झोपडपट्टी आणि अर्धवट बांधकामं, आणि मे १९६८ च्या उठावाची सुरुवात तिथूनच झाली.

पण हे उत्तर महाराष्ट्राला लावून पाहिलं की ते बसत नाही. आपल्याकडचं सर्वांत गच्च भरलेलं विद्यापीठ मुंबईचं. आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांतला सर्वांत मोठा विद्यार्थी-उद्रेक मुंबईत झाला नाही, तो झाला मराठवाड्यात. ते विद्यापीठ मुंबईच्या तुलनेत तरुण होतं, लहान होतं, ऐसपैस माळावर वसलेलं होतं. असं का झालं, ते आज पाहू.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेलं. म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली तेव्हा सव्वाशेच्या वर मुलं बसली आणि वीस-बावीस पास झाली. १८६२ मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले ते फक्त चार जण. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्या चौघांना नोकरीची चिंता नव्हती. सरकारलाच त्यांची गरज होती.

मात्र या चारांचे चारशे आणि चारशेचे चार हजार व्हायला वेळ लागला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच इंग्रज अधिकारी तक्रार करू लागले होते की, पदवीधर जास्त झाले, नोकऱ्या कमी पडतात आणि रिकामे बसलेले पदवीधर वर्तमानपत्रं काढून सरकारवर टीका करतात. कर्झनने १९०४ मध्ये विद्यापीठांचा कायदा केला तो गुणवत्तेच्या नावाखाली, पण त्यामागे ही धास्तीही होती. सांगायचा मुद्दा, 'पदवीधर फार झाले' ही ओरड आपण समजतो तेवढी नवी नाही.

स्वातंत्र्यानंतर गर्दीवर आपण एकच औषध दिलं. ते म्हणजे वाटणी. घर भरलं की भाऊ वेगळे होतात, तसं. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये वेगळं झालं, त्याच सुमारास गुजरात, बडोदा आणि कर्नाटकही. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये आलं, अमरावती १९८३ मध्ये, जळगाव १९९०, सोलापूर २००४, गडचिरोली २०११. प्रत्येक वेळी उद्घाटनाच्या भाषणांत ताण कमी होईल असं सांगितलं गेलं. आणि प्रत्येक वेळी नव्या विद्यापीठाच्या हद्दीत दहा वर्षांत इतकी कॉलेजं उघडली की ताण जिथल्या तिथे.

मग मुंबई तुलनेने शांत कशी राहिली? फिलिप आल्टबाख नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६० च्या दशकात मुंबईच्या विद्यार्थी राजकारणाचा अभ्यास केला होता, त्यावरचं त्याचं पुस्तक १९६८ मध्ये आलं. म्हणजे ज्या वर्षी पॅरिस पेटलं त्याच वर्षी. त्याला दिसलं ते असं की बेचाळीसच्या चळवळीत झेपावणारा मुंबईचा विद्यार्थी स्वातंत्र्यानंतर राजकारणातून बराचसा मागे सरला होता.

यातली काही कारणं अगदी साधी, रोजच्या जगण्यातली आहेत. मुंबई विद्यापीठाला एकच एक असं आवार नव्हतं. राजाबाई टॉवरखाली कचेरी, कॉलेजं मात्र गिरगावपासून अंधेरीपर्यंत विखुरलेली. पोरगं सकाळी लोकल पकडून यायचं, दुपारी लोकल पकडून घरी जायचं. वसतिगृहात राहणारे थोडे. रात्री मेसमध्ये दोनशे मुलं एकत्र बसून वरणात डाळ नाही म्हणून चिडणार, आणि त्या चिडीतून काही शिजणार, ही सोयच नव्हती. अहमदाबादच्या वसतिगृहात ती होती.

दुसरं, मुंबईने गर्दी पाळ्यांमध्ये वाटली, गिरणीसारखी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा सकाळच्या वर्गांचा विचार मुद्दाम केला होता. कचेरीत कारकुनी करणाऱ्या, दिवसभर राबणाऱ्या मुलाला कामाला जायच्या आधी शिकता यावं म्हणून. पुढे सकाळचं कॉलेज, संध्याकाळचं लॉ कॉलेज ही मुंबईची पद्धतच झाली. दिवसा बँकेत आणि संध्याकाळी वर्गात असलेला माणूस दगड उचलत नाही. त्याच्याकडे गमावण्यासारखी नोकरी असते.

आणि तिसरं, सर्वांत मोठं कारण म्हणजे मुंबईत बाहेर पडायचं दार रुंद होतं. बंदर, रेल्वे, एलआयसी, बँका, गिरण्यांच्या कचेऱ्या, मंत्रालय. साध्या बी.कॉम. ला तिथे काहीतरी मिळायचं. वर्ग कितीही कोंबलेला असू दे, तीन वर्षांनी दार उघडणार हे ठाऊक असलं की माणूस उभ्यानेही प्रवास करतो. विरार लोकलमध्ये काय वेगळं आहे?

पण इथे थांबलो तर मुंबईला फुकटचं प्रशस्तिपत्र दिल्यासारखं होईल. दार रुंद होतं तरी सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतं, आणि राग होताच. तो विद्यापीठाच्या फाटकावर न येता दुसरीकडून बाहेर पडला. १९६० च्या दशकात 'मार्मिक' साप्ताहिकात मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या. बहुतेक नावं दाक्षिणात्य. सदराचं नाव 'वाचा आणि थंड बसा'. जून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या सभांना गर्दी केली ती मोठ्या प्रमाणात शिकलेल्या, टायपिंगची परीक्षा दिलेल्या, तरीही नोकरी न मिळालेल्या मराठी तरुणांनी. विद्यापीठात किती जागा आहेत, अभ्यासक्रम कसला आहे, यावर त्यांचा मोर्चा नव्हता. माझी खुर्ची कोणी घेतली, हा त्यांचा प्रश्न होता आणि यादीत त्याचं उत्तर छापलेलं होतं. त्या याद्यांमधल्या माणसांना काय वाटलं असेल, हे आपल्या लहानपणी आपल्याला कळायचं कारण नव्हतं. इथे मस्कतला येऊन, ओमानीकरणाचा नवा नियम आला की कोणत्या हुद्द्यावरचे व्हिसा बंद झाले ते शोधत वर्तमानपत्र वाचताना, ते थोडं कळतं. आज त्या यादीत आपण असतो. आणि ज्या देशाच्या मुलांना नोकरी हवी आहे, त्यांचंही चुकतंय असं म्हणवत नाही.

आता मराठवाड्याकडे वळू.

निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबादला जावं लागे, उस्मानिया विद्यापीठात, आणि तिथलं शिक्षण उर्दूतून. औरंगाबादला होतं ते इंटरपर्यंतचं कॉलेज. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यात उच्च शिक्षणाचं दार ज्यांनी उघडलं त्यांत हे नाव पहिल्या ओळीतलं आहे, आणि तिथे केवळ दलितच नव्हे तर सर्व जातींची मुलं शिकली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी, मुंबई विद्यापीठाचा कारभार मुरलेले गृहस्थ.

मग पंधरा वर्षांत तालुक्या-तालुक्याला कॉलेजं निघाली. बहुतेक कला आणि वाणिज्य. कारण सोपं आहे, विज्ञानाला प्रयोगशाळा लागते, कलेला फळा आणि खडू पुरतो. शेतकऱ्याच्या घरातला पहिला मुलगा बी.ए. होऊ लागला. बापाने बैल विकून, आईने पाटल्या मोडून शिकवलेला मुलगा. आणि तो बी.ए. होऊन गावी परत आला तेव्हा त्याच्यासमोर काय होतं? उद्योग जवळपास नाहीत. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे मीटरगेज, म्हणजे मुंबईचा माल मनमाडला उतरवून पुन्हा भरायचा, मग कारखाना कोण काढणार? शेती पावसावर, आणि १९७२ चा दुष्काळ. तुमच्यापैकी ज्यांचं मूळ बीड-उस्मानाबादकडचं आहे त्यांच्या घरी त्या दुष्काळाची आठवण अजून निघत असेल. खडी फोडायच्या कामावर शिकलेली माणसंही गेली. राहता राहिली सरकारी नोकरी. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कारकून. एवढीच दारं, आणि एका जागेला शेकडो अर्ज.

यात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते हीच कळीची. मराठवाड्याला वचन दिलेलं होतं, तेही लेखी. १९५३ च्या नागपूर कराराने सांगितलं होतं की, मराठवाडा आणि विदर्भ महाराष्ट्रात आले तर विकासात, शिक्षणात आणि नोकऱ्यांत त्यांना न्याय्य वाटा मिळेल. घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये मराठवाड्यासाठी वेगळ्या विकास मंडळाची तरतूद झाली, तांत्रिक शिक्षण आणि नोकरीच्या संधी यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. आणि मग ते कलम वर्षानुवर्षं कागदावर पडून राहिलं. ज्याला काही सांगितलंच नव्हतं तो गप्प बसतो. ज्याला लिहून दिलंय तो दार वाजवतो.

१९७४ मध्ये विद्यार्थ्यांनी दार वाजवलं. मराठवाडा विकास आंदोलन म्हणून ते ओळखलं जातं. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले बुजुर्ग त्यामागे उभे राहिले, पण रस्त्यावर होती ती कॉलेजची पोरं. मागण्या वाचल्या की लक्षात येतं, त्यांत वर्गातल्या गर्दीबद्दल फारसं काही नाही. रेल्वे रुंद करा, पाटबंधारे करा, उद्योग आणा, नोकऱ्यांत वाटा द्या. विद्यार्थी विद्यापीठाबद्दल बोलतच नव्हते, ते विद्यापीठाच्या बाहेर काय आहे याबद्दल बोलत होते. आंदोलनात वसमतला गोळीबार झाला, तरुणांचे बळी गेले. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९७५ मध्ये, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, मराठवाड्यातले पहिलेच. लोकांना वाटलं आता होईल. मग जूनमध्ये आणीबाणी आली आणि सगळंच गोठलं.

यापुढचं सांगताना आवाज खाली आणावा लागतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. त्याच रात्रीपासून मराठवाडा पेटला. सुरुवात शहरांतून झाली, विद्यार्थ्यांच्या बंद आणि मोर्चांनी. दोन-चार दिवसांत आग खेड्यांत गेली. शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली, विहिरी नासवल्या, माणसं मारली. नांदेड जिल्ह्यातल्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. हजारो कुटुंबं गाव सोडून पळाली.

चार वर्षांपूर्वी याच कॉलेजांतून सवर्ण आणि दलित विद्यार्थी 'मराठवाड्याला न्याय द्या' म्हणत निघाले होते. मग असं काय झालं?

अभ्यासकांमध्ये यावर तेव्हाच वाद झाला. गेल ऑम्वेट आणि इतरांनी लिहिलं की शिकलेल्या तरुणांची नोकऱ्यांसाठीची चढाओढ हे यामागचं एक मोठं कारण आहे. दलित मुलगा मिलिंदमधून शिकला, शिष्यवृत्ती घेऊन पदवीधर झाला, राखीव जागेवर कारकून झाला, आणि शेजारच्या कुणब्याच्या मुलाला वाटलं की माझी जागा गेली. दुसऱ्या बाजूचे म्हणाले की नोकरीचं कारण पुढे करून जातीचा प्रश्न झाकू नका. गावात शिकलेला, इस्त्रीचे कपडे घालून फिरणारा, वाकून रामराम न घालणारा दलित तरुण हीच अनेकांची खरी पोटदुखी होती.

मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, आणि त्याचं कारण हिशेबात आहे. राखीव जागा भरल्या जात होत्या त्यासुद्धा पूर्ण नव्हेत, आणि एकूण नोकऱ्यांत त्या थोड्या. त्या सगळ्या उद्या काढून टाकल्या असत्या तरी तालुक्याच्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या बी.ए. ची रांग तसूभर पुढे सरकली नसती. शिवाय ज्यांची घरं जळली ते कोण होते? भूमिहीन मजूर, सालगडी. त्यांच्यातल्या बहुतेकांनी कॉलेजची पायरी पाहिली नव्हती. त्यांनी कोणाची जागा घेतली होती? मुंबईच्या यादीत निदान खुर्चीवर बसलेल्या माणसाचं नाव होतं. इथे शिक्षा झाली ती खुर्ची कधी न पाहिलेल्या माणसाला. बेकारीने राग जमा झाला हे खरं, पण तो कोणावर काढायचा ते जातीने ठरवलं. आणि ज्या नावावरून हे घडलं, त्या माणसाने याच शहरात कॉलेज काढून या प्रदेशाला शिकवलं होतं.

नामांतरासाठीचा लढा सोळा वर्षं चालला. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले, पुढे आत्मदहनंही झाली. अखेर १४ जानेवारी १९९४ ला नाव झालं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही नावं एकत्र. आता एक योगायोग पाहा, किंवा तो योगायोग नसेलही. घटनेतलं ते १९५६ चं विकास मंडळ प्रत्यक्षात आलं तेही १९९४ मध्येच. आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं वेगळं विद्यापीठ निघालं तेही त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला. १९७४ च्या मुलांची मागणी आणि १९७८ नंतरच्या मुलांची मागणी, दोन्हींना एकाच वर्षी उत्तर मिळालं. तोवर १९७४ ची मुलं चाळिशीत पोचली होती.

आपण जिथे राहतो तिथलंही थोडं. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा देशात तीन शाळा आणि नऊशेच्या आसपास मुलगे होते. सोळा वर्षांत, १९८६ मध्ये, सुलतान काबूस विद्यापीठ उघडलं. इतक्या वेगाने शिकलेली पिढी जगात फार कमी ठिकाणी तयार झाली असेल. फेब्रुवारी २०११ मध्ये सोहारच्या चौकात जे तरुण जमले, त्यांचं मुख्य मागणं नोकरीचं होतं. तिथे जीवितहानीही झाली. सरकारने पन्नास हजार नोकऱ्या जाहीर केल्या, नोकरी शोधणाऱ्यांना महिना दीडशे रियाल, आणि विद्यार्थ्यांचे भत्ते वाढवले. आपण इथे पाहुणे आहोत, म्हणून मत देत नाही. एवढंच नोंदवतो की इथेही मागणं वर्गातल्या बाकांबद्दलचं नव्हतं.

महाराष्ट्रात १९७८ नंतरचं मोठं वळण आलं ते १९८३ मध्ये. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. तोवर कर्नाटकात जाऊन डोनेशन भरणारी मराठी मुलं आता आपल्याच राज्यात भरू लागली. त्या निर्णयावर टीका पुष्कळ झाली, रास्त झाली. पण आखातात आज जितके मराठी इंजिनीअर आहेत त्यांच्यापैकी किती जणांची पदवी १९८३ च्या आधीच्या मोजक्या सरकारी कॉलेजांमधून आली असती, हा हिशेब ज्याने त्याने मनातल्या मनात करावा. १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा झाला, डोनेशन मात्र नाव बदलून राहिलं.

याचा एक परिणाम असा की गर्दी पैसे देणारी झाली. पैसे देणारा रस्त्यावर येत नाही, कोर्टात जातो. म्हणून नव्वदनंतर विद्यार्थ्यांच्या असंतोषाचा इतिहास मोर्च्यांपेक्षा निकालपत्रांत जास्त सापडतो. मोहिनी जैन, उन्नीकृष्णन, टी. एम. ए. पै ही सगळी नावं खटल्यांची. त्यातला २००५ चा पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल तर आपल्या घरातला. खाजगी कॉलेजांत पंधरा टक्क्यांपर्यंत एनआरआय जागा ठेवता येतात, ते याच निकालाने. शिवाय एआयसीटीईच्या नियमांप्रमाणे मंजूर संख्येच्या वर ज्या पंधरा टक्के जादा जागा आहेत, त्यांतल्या एक तृतीयांश आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी. आपल्यापैकी बरेच जण त्या जागेकडे डोळे लावून असतात, आणि नियमाने ती आपली आहेही. पण पुण्यातल्या वर्गात आपलं मूल जाऊन बसतं तेव्हा, सीईटीत चार गुणांनी हुकलेला लातूरचा मुलगा त्या बाकाकडे कसा बघत असेल, हे मुलाला आधी सांगून ठेवलेलं बरं. जागा जादाची असते, कोणाची हिसकावलेली नसते, हे त्याला कोणी समजावलेलं नसतं.

याच काळात विद्यार्थ्यांचा बोलण्याचा एक मार्गही बंद झाला. कॉलेजांतल्या निवडणुकांत गुंडगिरी शिरली होती, १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी उमेदवाराचा खूनही झाला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या, गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. पालक खूश झाले. २०१६ च्या नव्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, पण कागदावर. आता तक्रार घेऊन कोणाकडे जायचं, हे मुलाला सांगता येत नाही.

ते किती महाग पडतं हे २०१७ च्या उन्हाळ्यात दिसलं. मुंबई विद्यापीठाने सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, सातशेहून जास्त कॉलेजं, आणि सगळं एकाच हंगामात. आयटीच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे ऐकूनच घाम फुटतो. आधी एक शाखा, मग दुसरी, जुनी पद्धत काही काळ शेजारी चालू, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगतं. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, ती हुकली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. परदेशात प्रवेश मिळालेल्या मुलांच्या हातात गुणपत्रिका नव्हती. २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. मुलांनी निदर्शनं केली, पण १९७४ सारखं काही झालं नाही. बरीचशी मुलं फोनवर निकालाचं पान पुन्हा पुन्हा उघडत घरी बसली. मला ते मोर्च्यापेक्षा वाईट वाटलं.

तर मंडळी, येत्या वर्षात जी घरं महाराष्ट्रातलं कॉलेज निवडणार आहेत त्यांनी इमारत आणि प्लेसमेंटच्या जाहिरातींबरोबर दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. कायमस्वरूपी प्राध्यापक किती, आणि विद्यापीठाचे गेल्या तीन वर्षांचे निकाल किती दिवसांत लागले. कायदा तीस दिवस म्हणतो, फार तर पंचेचाळीस.

आणि एक विनंती. १९७४ ते १९७८ या काळात औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड किंवा वसमतला शिकलेलं कोणी आपल्या घरात असेल, आई-वडील, काका, सासरे, इथे सुट्टीला आलेले आजोबा, तर त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. मोर्च्यात होते की बाजूला उभे होते, कोणत्या जातीचे, कोणत्या बाजूचे, काहीही असो. पाच मिनिटं पुरेत. पुढच्या महिन्यात ते आवाज एकापाठोपाठ एक ऐकवायचे आहेत.